गोव्यात गाडी न घेता: नव्याने राहायला आलेल्यांसाठी बस, फेरीबोट आणि रेल्वे

नोकरीसाठी किंवा शिकायला गोव्यात आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक सल्ला हमखास मिळतो. "आधी दुचाकी बघ, तिच्याशिवाय इथे काही खरं नाही." मी मिरजेहून आले तेव्हा मलाही ऑफिसातल्या तिघांनी हेच सांगितले होते. पहिला पगार व्हायचा होता, खोलीची अनामत भरून हातात फारसे उरले नव्हते, म्हणून नाइलाजाने बसने फिरायला लागले. अकरा वर्षे झाली, आजही रोज म्हापसा–पणजी बसनेच करते. म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगते: पहिले तीन महिने गाडी घेऊ नका, भाड्यानेही नको. तेवढ्या दिवसांत तुमचा रोजचा रस्ता कोणता, बस कुठे कमी पडते आणि गाडीची खरी गरज किती, हे स्वतःच कळेल. मग घ्यायची तर घ्या.

सहलीला येणे आणि राहणे यांत फरक आहे. चार दिवसांसाठी आलेल्याला स्कूटरचे रोजचे भाडे परवडते. राहणाऱ्याला तेच भाडे तीस दिवस, वर पेट्रोल, वर जून ते सप्टेंबरचा पाऊस, असा हिशेब करावा लागतो.

आधी पाच स्थानके डोक्यात बसवा

गोवा आहे 3,702 चौरस किलोमीटरचा. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्यापेक्षाही लहान. तरी नवीन माणूस इथे गोंधळतो, कारण तो "इथून तिथे थेट बस" शोधत बसतो. तशी बस बहुतेक वेळा नसते. इथली व्यवस्था पाच स्थानकांभोवती फिरते: पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को आणि फोंडा. गावातली बस या पाचांपैकी एका ठिकाणी आणून सोडते, तिथून दुसऱ्या मोठ्या स्थानकाची बस धरायची, आणि तिथून पुन्हा गावातली.

म्हापसा म्हणजे बार्देश आणि पेडणे हे तालुके. कळंगुट, हणजूण, शिवोली, मोरजी, हरमल, पेडणे शहर, शिवाय डिचोलीकडे जाणाऱ्या बसही इथून सुटतात. मडगाव म्हणजे सासष्टी तालुका आणि त्याखालचा सगळा दक्षिण भाग: कोलवा, बाणावली, केपे, कुडचडे, काणकोण. काणकोणची बस चावडी नावाच्या ठिकाणी थांबते. पाळोळ्याचा किनारा तिथून दोन-तीन किलोमीटर. वास्कोहून मुरगाव तालुका आणि दाबोळी. फोंड्याहून देवळांचा सगळा परिसर, धारबांदोडा, सावर्डे. पणजी मध्यभागी, त्यामुळे तिथून सगळीकडे काही ना काही जाते: मिरामार, दोना पावला, जुने गोवे, कांदोळी, सांखळी, वाळपई.

एक उदाहरण घ्या. तुम्ही शिवोलीत राहता आणि काम वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. शिवोली–म्हापसा, म्हापसा–पणजी, पणजी–वेर्णा, असा तीन बसचा प्रवास झाला. जमतो, पण रोज नाही. हा हिशेब नोकरी मिळाल्यावर नव्हे, खोली ठरवण्याच्या आधी करायचा.

खोली घेण्याआधी बस बघा

या लेखातले हे सगळ्यात महत्त्वाचे काम आहे. खोली आवडली, भाडे परवडले, मालकीणबाई चांगल्या वाटल्या की लगेच होकार देऊ नका. त्या वाड्यावरच्या बसथांब्यावर तीन वेळा जाऊन उभे राहा. कामाच्या दिवशी सकाळी सात ते नऊ, त्याच दिवशी संध्याकाळी सातनंतर, आणि एका रविवारी दुपारी. हातात कागद घ्या, आलेली प्रत्येक बस आणि तिच्या पाटीवरचे गाव लिहा. तासाभरात सहा बस दिसल्या तर तुम्ही सुखात आहात. एक दिसली तर त्या खोलीचे भाडे कितीही कमी असो, वाचलेले पैसे रिक्षात जाणार.

हमरस्त्यापासून चालत दहा मिनिटांच्या आत, हा माझा नियम. पणजी–म्हापसा रस्त्यावर पर्वरी किंवा गिरी, पणजी–फोंडा रस्त्यावर जुने गोवे, बाणस्तारी, म्हार्दोळ, फर्मागुडी, अशा ठिकाणी खोली मिळाली तर बसची चिंता उरत नाही. आतल्या वाड्यांवरची घरे फार सुंदर असतात, अंगणात माड, मागे शेत. पण तिथे दिवसाला मोजक्या फेऱ्या असतात, आणि चालक आजारी पडला किंवा गाडी दुरुस्तीला गेली की त्या दिवशी ती फेरीच नाही. थांब्याजवळच्या दुकानदाराला विचारा, "शेवटची बस किती वाजता?" दुकानदाराला जे माहीत असते ते कुठल्याही नकाशात नसते.

कदंब आणि खासगी, दोन्हींची रीत वेगळी

सरकारी बस म्हणजे कदंब. कदंब परिवहन महामंडळ 1980 मध्ये स्थापन झाले. नाव गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्यावरून. त्याआधी सगळा भार खासगी बसवर होता, आणि आजही गावागावांत बऱ्याच मार्गांवर खासगी बसच धावतात. जुनी माणसे अजून बसला कधीकधी 'कार्रेर' म्हणतात, तो पोर्तुगीज काळातला शब्द. एखाद्या आजीच्या तोंडून तो ऐकला की मला फार बरे वाटते.

कदंबची सगळ्यात उपयोगी सेवा म्हणजे शटल. पणजी–मडगाव, पणजी–म्हापसा, पणजी–वास्को या मार्गांवर शटल मध्ये कुठेही न थांबता जाते. तिचे तिकीट बसमध्ये नव्हे, स्थानकावरच्या खिडकीवर आधी काढायचे आणि रांगेत उभे राहायचे. बस भरली की सुटते. सकाळी आणि संध्याकाळी रांग लांब दिसली तरी घाबरू नका, ती भरभर सरकते. रांग मोडू मात्र नका. इथली माणसे शांत आहेत, पण शटलची रांग मोडणाऱ्याला कोणी सोडत नाही.

आता शटलबद्दलची खरी अडचण. "मध्ये थांबत नाही" याचा अर्थ खरोखरच थांबत नाही. मडगावच्या शटलमध्ये बसून वेर्ण्याला उतरता येणार नाही. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात जायचे असेल तरीही शटल कामाची नाही. आपल्याकडून, विशेषतः सिंधुदुर्गातून, कितीतरी रुग्ण या इस्पितळात येतात आणि पणजी स्थानकावर नेमकी हीच चूक करतात. पेशंटला घेऊन मडगाव गाठायचे आणि मग परत यायचे, हे हाल मी डोळ्यांनी पाहिले आहेत. बांबोळी, गोवा वेल्हा, कुठ्ठाळी, वेर्णा यांपैकी कुठेही उतरायचे असेल तर साधी, थांबत जाणारी बस धरा. चढण्याआधी कंडक्टरला "मेडिकलला थांबणार ना?" एवढे विचारा.

कुठ्ठाळी लक्षात ठेवा. पणजीहून जुवारी नदीवरचा पूल ओलांडला की हे गाव येते, आणि इथून एक रस्ता वास्कोला, दुसरा मडगावला जातो. हव्या त्या दिशेची थेट बस मिळाली नाही तर कुठ्ठाळीला उतरून दुसरी धरता येते. जुना पूल अरुंद होता तेव्हा इथे तासन्‌तास कोंडी व्हायची. डिसेंबर 2022 मध्ये नव्या पुलाची पहिली बाजू खुली झाली, वर्षभराने दुसरी, आणि पणजी–मडगाव प्रवासाचा नूरच पालटला.

खासगी बसची रीत निराळी. कंडक्टर दारात लोंबकळत "पणजे पणजे पणजे" ओरडतो, बस पुरती थांबण्याआधीच तुम्हाला हात देऊन आत घेतो. तिकीट बसमध्येच. कधी कागद मिळतो, कधी नाही, मागून घ्या. सुटे पैसे जवळ असू द्या, दहाच्या नोटा आणि नाणी. पाचशेची नोट पुढे केली तर तो काही बोलणार नाही, पण उतरेपर्यंत उरलेले पैसे परत मागायची आठवण तुम्हालाच ठेवावी लागेल.

कोकणी येत नाही म्हणून अडत नाही. मराठी बहुतेकांना कळते, बरेच कंडक्टर आपल्यासारखेच बाहेरून आलेले. तरी चार शब्द शिका. "ही बस खंय वता?" म्हणजे कुठे जाते. "कितले?" म्हणजे किती झाले. "हांगा रावय" म्हणजे इथे थांबव. कंडक्टर "मुखार, मुखार" म्हणाला की पुढे सरका. गावांची नावेही कोकणीत जरा वेगळी ऐकू येतात, पणजीचे पणजे, म्हापशाचे म्हापशें. कोणी वयस्कर माणूस शेजारी असेल तर 'बाब' म्हणून विचारा. उत्तर तर मिळतेच, वर तुमचे गाव कुठले, कुलदैवत कोणते, हीही चौकशी होते. माझी मंगेशीशी ओळख अशीच झाली. फोंड्याच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या एका काकांनी मंगेशीचा थांबा दाखवला, आणि "पुढच्या वेळी म्हार्दोळला उतरून म्हाळसेचेही दर्शन घे" म्हणून सांगितले. दोन्ही देवळे पणजी–फोंडा रस्त्यालगतच आहेत. कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी यांच्यासाठी मात्र फोंड्याच्या बाजूने आत जावे लागते.

रोजचा एकच मार्ग ठरला की कदंबच्या पासची चौकशी करा. पास स्थानकावर मिळतो, विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठांना सवलत असते, कागदपत्रे काय लागतात ते खिडकीवर विचारून एकदाच नीट गोळा करा. पणजी शहरात आता कदंबच्या विजेवरच्या बस फिरतात. स्थानकावरून मिरामार, दोना पावला या बाजूला जायला रिक्षाची गरज नाही. कदंबने 'म्हजी बस' योजनेत काही खासगी बसही आपल्याकडे घेतल्या आहेत, तेव्हा बसच्या रंगावरून ती कोणाची हे ठरवायला जाऊ नका. पाटी वाचा.

फेरीबोट: पायी जाणाऱ्याला पैसे नाहीत

मांडवी आणि जुवारी, आणि त्यांच्यामध्ये पसरलेली बेटे, यामुळे गोव्यात फेरीबोट हे रोजचे वाहन आहे. नदी परिवहन खाते ती चालवते. पायी चढणाऱ्याला तिकीट नाही. नव्या माणसाला हे खरे वाटत नाही, तो खिडकी शोधत राहतो. खिडकी नाही. रॅम्पवरून सरळ चढा, कडेला उभे राहा, गाड्या आत येताना मधे येऊ नका, एवढेच.

पणजी–बेती ही सगळ्यांना उपयोगी पडणारी फेरी. वर मांडवीच्या पुलांवर वाहनांची रांग लागलेली असते आणि खाली बोट काही मिनिटांत पलीकडे पोचते. बेतीहून नेरूल, कांदोळीच्या बाजूला जाणाऱ्या बस मिळतात. पणजीतल्या जुन्या माणसांना या फेरीचे मोल जास्त कळते, कारण 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा जुना पूल कोसळला तेव्हा दोन्ही काठांमधला व्यवहार अशा बोटींवर येऊन पडला होता.

रायबंदर–चोडण ही दुसरी. चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, आणि बेटावरून पुढे डिचोलीच्या बाजूलाही निघता येते. 2025 पासून या मार्गावर मोठ्या रो-रो बोटीही (गाड्या थेट चढवता-उतरवता येणाऱ्या) आल्या. जुने गोवे–दिवाडी, कुठ्ठाळी–मडकई, कामुर्ली–तुये, केरी–तेरेखोल याही फेऱ्या आहेत. मडकईच्या औद्योगिक वसाहतीत काम आणि कुठ्ठाळीत खोली, असे असेल तर फेरीने तुमचा फोंड्याचा मोठा वळसा वाचतो. नोकरीच्या जागेजवळ नदी आहे का, हे नकाशात पाहूनच घ्या. रस्त्याने वीस किलोमीटर दूर दिसणारे गाव पाण्यावरून समोरच असू शकते.

पावसाळ्यात नदीला जोर असला किंवा बोट दुरुस्तीला गेली तर फेऱ्या उशिरा होतात. कामावर वेळेत पोचायचे असेल तर एक बोट आधीची धरावी.

रविवारी सकाळी काही काम नसेल तर दिवाडीच्या फेरीत बसा, पलीकडे जा, बेटावर चाला, आणि दुपारच्या आत परत या. खर्च फक्त चहाचा.

गोव्याच्या आत रेल्वे

गोव्यातून दोन रेल्वेमार्ग जातात आणि दोघांची कामे निराळी. कोकण रेल्वे उत्तर-दक्षिण: पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, माजोर्डा, मडगाव, बाळ्ळी, काणकोण. दुसरा मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेचा, वास्कोहून पूर्वेकडे: दाबोळी, कासावली, माजोर्डा, मडगाव, चांदर, कुडचडे-सावर्डे, काले, कुळे, आणि मग घाट चढून कॅसलरॉक, लोंढा.

पणजीला आणि म्हापशाला रेल्वे नाही. पणजीसाठी करमळी, म्हापशासाठी थिवी. दोन्ही साधारण दहा-बारा किलोमीटरवर. हे माहीत नसल्याने पहिल्यांदा येणारे लोक मडगावचे तिकीट काढतात आणि मग तासभर उलटा प्रवास करतात. मुंबईहून येताना आधी पेडणे, मग थिवी, मग करमळी, आणि शेवटी मडगाव येते. तुमची खोली बार्देशात असेल तर थिवीला उतरा. स्टेशनबाहेर टॅक्सीवाले घेरतील; थोडे चालून मोठ्या रस्त्यावर या, म्हापशाला जाणारी बस मिळते. करमळीला बाहेर बस कमी, पण जुने गोवे जवळच आहे आणि तिथे पणजी–फोंडा रस्त्यावर बसची रीघ असते. करमळी स्टेशनला लागूनच मोठे तळे आहे, हिवाळ्यात पाखरांनी भरलेले. गाडी उशिरा असेल तर मी तिकडे बघत बसते.

मडगावचे वेगळे सांगायला हवे. कदंब बसस्थानक शहराच्या उत्तरेला, बाजार आणि पालिकेची बाग मध्ये, रेल्वे स्टेशन पार दुसरीकडे. हातात सामान असताना स्टेशन ते बसस्थानक चालत जायचा विचार करू नका. शहरातली बस किंवा पायलट (भाड्याची मोटारसायकल) घ्या आणि अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा.

वास्को–कुळे मार्गावरच्या साध्या गाड्या कुडचडे, चांदर भागात राहणाऱ्यांना मडगाव किंवा वास्कोला कामाला जायला सोयीच्या पडतात. भाडे बसपेक्षा कितीतरी कमी. फेऱ्या मात्र थोड्या, त्यामुळे तुमच्या पाळीची वेळ जुळली तरच उपयोग. याच गाडीने लोक दूधसागर बघायला कुळ्यापर्यंत जातात, तिथून पुढे जीपने. धबधब्याजवळच्या स्टेशनावर उतरून रुळांवरून चालणे मना आहे आणि पावसात ते खरोखर जिवावर बेतणारे आहे. कोणी मित्र "चालतंय" म्हणाला तरी जाऊ नका.

साध्या तिकिटासाठी मोबाइलवर रेलवन ॲप ठेवा, खिडकीची रांग वाचते. रोज एकाच दोन स्टेशनांत जाणार असाल तर मासिक पास काढा, पण तो कोणत्या गाडीला चालतो आणि कोणत्या नाही हे तिकीट खिडकीवर विचारूनच.

गावाकडे जाताना

आरक्षण 60 दिवस आधी सुरू होते. नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 120 दिवस होते, म्हणून जुन्या सल्ल्यांवर जाऊ नका. चवथीला, म्हणजे आपल्या गणपतीला, मुंबई–गोवा मार्गावर जागा मिळणे फार कठीण. त्या दिवसांची तारीख आजच मोजून कॅलेंडरवर लिहा.

मुंबईसाठी मडगावहून सुटणाऱ्या गाड्या आधी बघा: मांडवी दिवसा, कोकणकन्या रात्रीची, जनशताब्दी बसून जाणाऱ्यांसाठी. या गाड्या इथूनच सुटतात, म्हणून गोव्याच्या वाट्याला जागा जास्त. नेत्रावती किंवा मत्स्यगंधा दक्षिणेतून भरून येतात. जून 2023 पासून वंदे भारतही आहे, पण आपला विषय स्वस्त प्रवासाचा, आणि तिचे भाडे त्यात बसत नाही. पुणे, सातारा, सांगली, मिरज या बाजूच्यांना वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस. ही कोकणातून जात नाही, लोंढा–बेळगाव–मिरज मार्गे घाटावर चढते. माझी हीच गाडी.

मुंबईहून येताना गोव्याचे तिकीट मिळाले नाही तर सावंतवाडीचे बघा. दादरहून सुटणारी तुतारी एक्सप्रेस सावंतवाडीपर्यंतच येते आणि दुपारच्या सुमारास पोचते. सावंतवाडी रोड स्टेशन शहरापासून काही किलोमीटरवर आहे, तिथून रिक्षाने किंवा बसने शहराच्या एसटी स्थानकावर यायचे आणि म्हापसा–पणजीची बस धरायची. एसटीच्या आणि कदंबच्या, दोन्ही बस बांदा–पत्रादेवीमार्गे येतात. एक बदल जास्त, पण तात्काळचे वाढीव पैसे वाचतात.

एसटीच्या सवलतींबद्दल गैरसमज फार आहे. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे, आणि 75 च्या पुढच्यांना मोफत. पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. पणजीहून सावंतवाडीला जाताना गोव्यातल्या अंतराचे पूर्ण भाडे लागते, पुढच्या अंतराला सवलत मिळते. कंडक्टरशी वाद घालू नका, तो बरोबर असतो. कदंबमध्ये ही महाराष्ट्राची सवलत लागू नाही. म्हणून आई भेटायला येणार असेल तर तिला एसटीनेच बोलवा, आणि आधारकार्ड सोबत ठेवायला सांगा.

कोल्हापूरकडे आंबोली घाटाने, बेळगावकडे चोर्ला किंवा अनमोड घाटाने बस जातात. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद होतात, त्या दिवशी बस वळसा घेते आणि दोन-तीन तास सहज वाढतात. कोकण रेल्वेचेही पावसाळी वेळापत्रक वेगळे असते, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात आणि काहींच्या सुटण्याच्या वेळाच बदलतात. तिकिटावरची वेळ आदल्या दिवशी पुन्हा तपासा. मे महिन्यात पाठ केलेली वेळ जुलैत उपयोगाची नाही.

विमानतळ, थोडक्यात

विमानतळ दोन आहेत, आणि तिकिटावर फक्त 'गोवा' वाचून लोक चुकीच्या टोकाला जातात. दाबोळी वास्कोजवळ, दक्षिणेच्या बाजूला. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ पेडण्यात, अगदी उत्तरेला. तिथून जानेवारी 2023 पासून विमाने सुटतात. मोपाहून कदंबची बससेवा पणजी, म्हापसा, मडगाव या बाजूंना आहे, टॅक्सीच्या तुलनेत भाडे अगदी थोडे. दाबोळीला बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर आलात की वास्को–पणजी आणि वास्को–मडगाव बस जातात.

रात्र, रविवार आणि पायलट

बसने राहणाऱ्याची खरी परीक्षा संध्याकाळी असते. आठ वाजल्यानंतर बस झपाट्याने विरळ होतात, गावाकडच्या तर त्याआधीच संपतात. माझ्या पहिल्या डिसेंबरात ऑफिसचा कार्यक्रम लांबला आणि पणजी स्थानकावर मी पावणेनऊला पोचले तेव्हा म्हापशाचा फलाट रिकामा होता. एका अनोळखी बाईंनी मला आपल्यासोबत महामार्गावर नेले, तिथे लांब पल्ल्याची एक बस थांबली आणि दोघींना म्हापशाला सोडून गेली. त्या बाईंचे उपकार मी विसरलेले नाही. तेव्हापासून उशीर होणार असेल तर घरी कसे जायचे हे सकाळीच ठरवते.

कामावर रात्रपाळी असेल तर मुलाखतीतच विचारा, कंपनीची बस आहे का. वेर्णा, कुंडईच्या बऱ्याच कारखान्यांच्या स्वतःच्या बस असतात, आणि त्या कोणत्या गावांतून जातात त्यावर खोली ठरवणारे लोक मला माहीत आहेत. तेच शहाणपणाचे.

बस जिथे सोडते तिथून घरापर्यंतच्या दोन किलोमीटरसाठी गोव्याची खास सोय म्हणजे पायलट. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर मागे बसवून नेणारे परवानाधारक चालक. स्थानकाबाहेर, बाजाराच्या नाक्यावर त्यांचा थांबा असतो. बसण्याआधी पैसे ठरवा, हेल्मेट मागा, आणि एकाच पायलटशी ओळख ठेवा. रात्री फोन केला तर तो येतो. ओला-उबर इथे नाहीत. ॲपवरची टॅक्सी हवी तर गोवा माइल्स आहे. टॅक्सी दोघांचौघांत वाटून घेतली तरच परवडते.

रविवारी खासगी बस कमी. चवथीच्या पहिल्या दोन दिवसांत तर फारच कमी, कारण चालक-कंडक्टरही आपापल्या घरी माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट) बांधत असतात. 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची, म्हणजे सणाची, गर्दी असते, तेव्हा पणजी–फोंडा मार्गावर वेळ जास्त धरा. शुक्रवारी म्हापशाचा आठवडी बाजार. त्या दिवशी सकाळी गावागावांतून येणाऱ्या बस टोपल्या, मिरच्या, केळीचे घड आणि माणसांनी गच्च असतात. ऑफिसला वेळेत पोचायचे असेल तर शुक्रवारी अर्धा तास लवकर निघा. बाजारच करायचा असेल तर सात-साडेसातच्या आत पोचा आणि परतीची बस स्थानकातून, सुटण्याच्या जागीच धरा. वाटेतल्या थांब्यावर पिशव्या घेऊन उभे राहिलात तर भरलेली बस तुमच्यासाठी थांबेलच असे नाही.

आणि पावसाळ्यासाठी एक घडीची छत्री, पायात न घसरणारी चप्पल, आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कोरडा टॉवेल. खासगी बसच्या खिडकीची काच बऱ्याचदा पुरती बंद होत नाही, म्हणून जूनपासून मधल्या वाटेच्या बाजूची जागा पकडा.